गोमतीबाईचं मोठं अक्षर

“ज्वारीले मोड आले, गोमती.”

“मंग उसळ करू.”

“ज्वारीची उसळ? तुह्या बापानं तरी खाल्ली होती काय ज्वारीची उसळ?”

“माह्या बापाले मधात नको आणू. तुह्या घरात एकच कोपरा कोरडा हाय, त्याले मी काय करू?”

हे भांडण मी कुडाला कान लावून ऐकलं. तेव्हा आमचं घर आणि ग्यानबाचं घर यांच्या मधात तुराट्यांचा कूड होता, वरून शेणामातीनं लिंपलेला. पलीकडची शिंकसुद्धा त्यातून इकडे यायची, तर भांडण काय थांबणार. ग्यानबा म्हणजे गोमतीचा नवरा. तिचं आणि माझं लग्न एकाच उन्हाळ्यात झालं, दोघी एकाच वर्षी इंझोरीत नांदायला आलो. तोवर विहिरीवर दोन शब्द बोललो असू तेवढेच. ती कशी बाई आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते असं, कुडातून.

झालं होतं काय, त्यांचं छप्पर गळायचं. एकच कोपरा कोरडा, आणि त्यात ज्वारीचं पोतं. गोमतीनं ते पोतं ओढून बाजूला केलं आणि त्या कोपऱ्यात माहेराहून आणलेली पुस्तकं रचली. तिचा बाप दरसाल दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. बाकीचे लोक येताना चिवडा आणत, हा पुस्तकं आणायचा. लेकीची पाठवणी केली तीही तशीच, भांडी कमी आणि पुस्तकं जास्त.

“ज्वारी काढून तिथं पुस्तकं ठेवली तुनं?”

“ज्वारी भिजली तं वाळवता येते. पुस्तक भिजलं का त्याचा पापड होते.”

“पापड तरी खाता येते.”

मला वाटलं, आता एखादं भांडं आपटेल. काहीच आपटलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या घरी त्या मोड आलेल्या ज्वारीच्या भाकरी झाल्या, चिकट आणि गोडूस. एक तिनं मलाही आणून दिली. “खाऊन पाय,” म्हणाली. “भांडण तं तुनं ऐकलंच असन.”

गोमती सातवी शिकलेली. मी दुसरीपर्यंत. दुसरीत असताना आमची म्हैस व्याली आणि शाळेपेक्षा म्हशीला माझी गरज जास्त पडली. मी अक्षराला अक्षर जोडून वाचते, एसटीची पाटी वाचून होते तोवर एसटी निघून गेलेली असते. म्हणून गोमतीनं वाचायचं आणि मी ऐकायचं हे आमचं न बोलता ठरून गेलं. पुढे ग्यानबा वारला, तिचा पोरगा सतीश नागपूरला कंपनीत पहाऱ्यावर लागला, माझ्या घरी सुना आल्या, कूड जाऊन विटांची भिंत आली. वाचणं-ऐकणं तेवढं राहिलं.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. टेबलावर पांढरं कापड, त्यावर ग्रंथ, बाजूला फुलं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आधी मास्तर वाचायचे. मास्तरांची बदली झाली तेव्हा समितीतली माणसं एकमेकांची तोंडं पाहत बसली. ज्याला वाचता येत होतं त्याला लाज वाटत होती आणि ज्याला लाज नव्हती त्याला वाचता येत नव्हतं. गोमती उठली, पदर नीट केला, आणि मास्तरांनी जिथे सोडलं होतं तिथून तिनं पुढे सुरू केलं. त्यानंतर ती जागा कोणी मागितली नाही.

तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. वाळलेल्या शेंगा वाजाव्यात तसा होता. पण वाक्य कुठं मोडायचं नाही हे तिला बरोबर कळायचं, त्यामुळे माझ्यासारखीलाही सगळं समजायचं. कोणी पेंगायला लागलं की ती न थांबता त्याचं नाव मधात घालायची. “तेव्हा तथागत म्हणाले, हे लिलाबाई, भिंतीले नको टेकू.” लिलाबाई दचकून बसायची आणि वाचन पुढे.

वय झालं तसं बारीक अक्षर दिसेना. चष्मा बदलला, विहारातला दिवा मोठा केला. एका वर्षावासात मी तिच्या शेजारी बसले होते, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पान उलटायचं राहिलं आणि वाचन मात्र पुढे गेलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “गोमती, तू पान न पाहता वाचून राह्यली.”

“मंग? कुठं चुकली का?”

“नाई.”

“तं चूप राय.”

ग्रंथ तिला पाठ होता. घरातली पुस्तकं काही पाठ नव्हती. ती पेटीत गेली आणि पेटीवर गोधड्या आल्या. दुपारी मी जायची तर ही आधीच निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसलेली. “खडे सापडतात का?” मी विचारायची. “खड्यासाठी कोण निवडते,” म्हणायची. त्या वर्षांत ती फार चिडचिडी झाली होती. सतीशचा फोन आला तरी दोन शब्दांत संपवायची. एकदा मला म्हणाली, “माणसाले पोट भरलं तरी भूक लागते, हे तुले नाई समजाचं.” मला नाही समजलं, खरं आहे.

सतीशच्या लेकीचं नाव धम्मदीपा. ती परीक्षेचा अभ्यास टॅबवर करायची. पोस्टात लागल्यावर तिनं नवीन फोन घेतला आणि तो टॅब आजीला आणून दिला. कोपऱ्याला तडा गेलेला, मागचं झाकण सुटत आलेलं. मी म्हटलं, “आता सत्तरीत पाटी गिरवणार काय वो?” गोमती नातीच्या बोटांकडे पाहत होती.

“आजी, हे पाय. दोन बोटं ठेवाचे आणि असे दूर कराचे. चिमटीतलं मीठ सोडतो तसं.”

गोमतीनं मीठ सोडलं. अक्षर मोठं झालं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“अजून होते?”

“होते.”

“अजून?”

असं करता करता पुऱ्या काचेवर एकच अक्षर उरलं. मी दारात उभी होते. तिथूनच म्हटलं, “क.” धम्मदीपा हसायला लागली. गोमती मात्र हसली नाही. तिनं ते अक्षर हळूहळू लहान केलं, जेवढं हवं तेवढं झाल्यावर थांबली आणि वाचायला लागली, आमच्याकडे पाठ करून.

पहिले काही दिवस तिची एक सवय आडवी आली. आयुष्यभर तिनं बोट जिभेला लावून पान उलटलं होतं. टॅबलाही ती तेच करायची, मग काच ओली व्हायची आणि पान जागचं हलायचं नाही. ती आणखी ओलं लावायची. “आजी, थुंकी नको लावू, त्याले नाई समजत,” धम्मदीपा सांगून थकली. शेवटी गोमतीनं डाव्या हातानं पानं उलटायची सुरुवात केली. उजव्या हाताला लागलेली सवय म्हणे डाव्याला ठाऊक नव्हती.

नात फोनवरून पुस्तकं पाठवायची, बरीचशी फुकटात मिळणारी, ज्यांचे लिहिणारे कधीचेच गेले अशी जुनी. गोमतीला आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की वाचायचं संपत नव्हतं. तोवर तिनं धम्माची पुस्तकं आणि थोरांची चरित्रं वाचली होती. आता चोरीच्या गोष्टी, समुद्राच्या गोष्टी, मधमाश्यांचं एक, कोण्या राणीच्या स्वयंपाक्याचं एक. खाटेवर आडवी होऊन वाचायची, एका कुशीवर. “पुस्तकाचं वजन छातीवर येत नाई,” म्हणायची. “अन् कुठं सोडलं ते त्याले माईत असते. मले नाई राह्यत.” वीज गेली तरी वाचायची, कारण उजेड त्याच्यातच. उंदराची भीती नाही, गळण्याची भीती नाही. ती एकदा त्या टॅबवर हात फिरवत म्हणाली, “ग्यानबा असता तं म्हणला असता, आता ठेव त्या कोपऱ्यात ज्वारी.”

एका उन्हाळ्यात तिनं बर्फाच्या देशात गेलेल्या माणसांचं पुस्तक काढलं. बाहेर अशी लू की चिमण्या तोंड उघडून बसलेल्या, आणि आम्ही दोघी तिच्या पंख्याखाली बर्फात. त्या माणसांची गाडी कुत्रे ओढायचे. खायचं संपलं तेव्हा त्यांनी कुत्रे खाल्ले.

“नावं ठेवले होते ना त्या कुत्र्यांचे?” मी विचारलं.

“होते.”

“मंग कसे खाल्ले?”

“नाव घेऊन नसतीन खाल्ले.”

पुढे पेरण्या झाल्यावर ती टॅब पिशवीत घालून निंदणाला न्यायची. दुपारी बांधावर डबे सोडले की बायाच म्हणायच्या, “काढा गोमतीबाई तुमचा बर्फ.” ती दोन-तीन पानं वाचायची आणि नेमकी अशा जागी थांबायची की हिरीबाई, जी कधी कोणाचं ऐकून घेत नाही, तीसुद्धा म्हणायची, “एवढं सांगा, तो बुढा मेला का वाचला?” गोमती टॅब पिशवीत टाकायची. “निंदण झाल्यावर पाहू.” शेतवाल्याचं निंदण त्या वर्षी लवकर उरकलं.

विहारात जरा अडलं. समितीचा धम्मरत्न एसटीत कंडक्टर होता, निवृत्त झाला तरी बोलण्यातली शिट्टी गेली नव्हती. तो म्हणाला, “गोमतीबाई, ग्रंथ टेबलावर पायजे. आज तुमी याच्यावर वाचान, उद्या कोणी फोनवर वंदना घेईन.”

“घेऊ दे. फोनवर लगन जुळते, वंदनेनं काय घोडं मारलं?”

शेवटी असं ठरलं की ग्रंथ नेहमीसारखा पांढऱ्या कापडावर, फुलं त्याच्यासमोर, आणि वाचायचं मांडीवरच्या टॅबवरून. धम्मरत्न रोज ग्रंथाचं ते पान मात्र उघडून ठेवायचा, म्हणजे मान राहतो. त्या वर्षी तिनं पुन्हा पाहून वाचलं. लिलाबाई म्हणाली, “यंदा लय खरं वाटून राह्यलं वो.”

आता जे सांगायचं आहे ते पुढचं आहे.

गोमती लोकांना धडकायला लागली. आधी दाराच्या चौकटीला खांदा, मग गल्लीत उभी असलेली सायकल, मग म्हशीचं शिंग. समोरचं तिला चांगलं दिसायचं, सुईत दोरा नाही पण अक्षर दिसायचं. बाजूनं कोणी आलं की मात्र ती दचकायची. लोकांनी आपल्या मनानं निदान केलं. “टॅबनं डोळे खाल्ले बुढीचे.” हिरीबाई म्हणाली, “माह्या नातवाले मी हातच लावू देत नाई फोनले. पाहा आता.” सतीशनं नागपूरहून फोन केला, “माय, तो टॅब ठेवून दे पेटीत. डोळे गेल्यावर काय करशीन?” धम्मरत्ननं विहारात सगळ्यांसमोर तेच सांगितलं.

तेव्हापासून गोमतीला काही दिसत नाही असं तिच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. धडकली तर म्हणायची, विचारात होती. पाय अडखळला तर चपलेला शिव्या. माझ्याजवळसुद्धा कबूल करायची नाही. मी एकदा तिच्या कानाजवळ बाजूनं हात हलवला. तिला कळलं नाही. मी म्हटलं, “गोमती, माहा हात कुठं हाय?”

“तुह्या खांद्याले. अजून कुठं असन?”

मानोऱ्याला डोळ्यांची तपासणी होती, गाडी गावात घ्यायला येणार होती. मी माझं नाव दिलं, तिचंही दिलं. सकाळी मी साडी बदलून तिच्या दारात गेले तर ही खाटेवर, टॅब छातीशी.

“मी येत नाई.”

“काहून?”

“डॉक्टर काय म्हणन मले माईत हाय. म्हणन, बाई, हे बंद करा.”

“मंग काही दिवस बंद ठेव. डोळे राह्यले तं पुन्हा वाचशीन.”

“विमल, तुह्या म्हशीनं शाळा सोडवली तं तू काय केलं? सोडली. मंग पुन्हा गेली का?”

गाडीनं हॉर्न वाजवला. मी एकटी गेले. माझे डोळे चांगले निघाले, ज्यांचा मला काही उपयोग नाही.

पुढच्या वर्षावासात तिनं तीन महिने वाचलं, एक दिवस न चुकता. समारोपाच्या दिवशी विहाराच्या अंगणात खीर असते. मोठा गंज चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला होता, त्यातून वाफ येत होती. गोमती पांढऱ्या साडीत विहारातून बाहेर आली, सरळ समोर पाहत, आणि त्या गंजावर गेली. खीर सांडली, तिचा पाय पोटरीपर्यंत भाजला. बाया धावल्या. ती खाली बसून एकच विचारत होती, टॅब कुठं पडला का. टॅब आतच होता.

धम्मदीपा रजा टाकून आली, आणि यावेळी आजीला विचारलं नाही. पाय बरा व्हायला लागल्यावर तिला वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्यानं तिच्या डोळ्यात उजेड टाकला, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, ठिपके दाखवले. गोमती सगळं निमूट करत होती. मग तो बोलायच्या आधी तीच बोलली.

“हे टॅबवर वाचून झालं का?”

“कशावर?”

तिनं पिशवीतून काढून दाखवला. मी पाहत होते, तिचा हात त्याच्यावर घट्ट होता.

“नाही आजी. याचा काही संबंध नाही. हा काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नस वाळत जाते. कडेनं सुरू होतं, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही.”

“मंग वाचणं बंद कराले नाई सांगत तुमी?”

“नाही. वाचा ना, जेवढं दिसेल तेवढं.”

धम्मदीपानं विचारलं, ऑपरेशन. तो म्हणाला, जे गेलं ते येत नाही. आधी आला असतात तर रोजचे थेंब टाकून बरंच थांबलं असतं. आताही थेंब टाका. त्यानं हे चांगल्या आवाजात सांगितलं, त्यामुळे ते आणखी वाईट वाटलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मंगरूळपीर मागे पडलं. मग म्हणाली, “मले वाटे तो हे ठेवून घेईन.” एवढंच. धम्मदीपा रडत होती. गोमतीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोही आधी जरा बाजूला पडला आणि मग सापडला.

थेंब नियमानं टाकले. नस वाळत गेली. वर्षभरात मधलंही धुरकट झालं. ती मला सांगायची, “जशी जात्याच्या तोंडातून पाहून राह्यली. अक्षर मोठं केलं तं भोकात मावत नाई, लहान केलं तं दिसत नाई.” आधी एक ओळ मावायची, मग एक शब्द, मग अर्धा. शब्दाचा पुढचा तुकडा येईपर्यंत मागचा विसरायचा. तिनं एक जाड कादंबरी अर्ध्यावर आणली होती. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक बाई, गावोगाव विचारत जाते. ती बाई एका नदीच्या घाटावर येऊन बसली होती आणि तिथंच राहिली.

धम्मदीपानं टॅब असा करून दिला की तो आपल्या तोंडानं वाचेल. बोट लावलं की आतून एक बाई बोलायची. बसस्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तशी. घाट, नदी, भाऊ, सगळं एका सुरात, आणि वाक्य नेमकं जिथं मोडू नये तिथं मोडायची. गोमतीनं दोन दुपारी ऐकलं. मग बंद केलं.

“काहून? चांगली तं बोलते,” मी म्हटलं.

“हे वाचणं नाई, ऐकणं हाय. ऐकणं तं तू बी करतं.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो टॅब घेतला, मीठ सोडलं, अक्षर माझ्यापुरतं मोठं केलं आणि घाटावरून सुरू केलं. “ती... बा... बाई... उ... उठ... ली.” घाम फुटला मला. एका पानाला अख्खी दुपार गेली. मी वाक्याच्या मध्यात अडकले की गोमती आपल्या मनानं ते पुरं करायची, आणि बहुतेक वेळा चुकीचं, कारण तिनं केलेलं जास्त चांगलं असायचं. मग आम्हा दोघींना कळेना की गोष्ट कुणाची चालली आहे. काही दिवसांनी ती माझ्या वाचण्यात झोपायला लागली. एकदा झोपेतून उठून म्हणाली, “राहू दे विमल. शेवटी काय होते ते मले माईत हाय.”

“कसं माईत?”

तिनं कूस बदलली. “नाई माईत. पण राहू दे.”

मी बटण दाबून बंद केला. माझं वाचन तिथंच राहिलं. ती बाई अजूनही नदीच्या जराशी पुढे, झाडाखाली असेल.

त्या वर्षी वर्षावासात गोमतीनं पाठ होतं तेवढ्यावर काही दिवस चालवलं. पण न पाहता म्हणताना ती दोन ठिकाणी अडकली. आधीही ती न पाहता म्हणायची, तेव्हा अडकली नव्हती. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा ती टेबलासमोरून उठली आणि मागे बायांमध्ये येऊन बसली. धम्मरत्ननं पुढचं वाचलं, तिकिटं फाडल्यासारखं, भराभर. माणसं हळूहळू कमी झाली. लिलाबाई भिंतीला टेकून झोपायची आणि तिला कोणी उठवायचं नाही.

गोमती थंडीत गेली, पौष पौर्णिमेनंतर, छातीत कफ धरून. सतीश पोचला तोवर बोलणं बंद झालं होतं. घरात ती बरीच आधीपासून चाचपडत वावरायची, पण बाहेरचं एक काम तिनं कोणाला दिलं नव्हतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारासाठी फूलचंद शेठच्या दुकानातून मेणबत्त्या आणणं. ते तिचं शेवटचं जाणं. मी सोबत होते. तिनं माझा खांदा धरला होता, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होती, “हिचे गुडघे गेले, मी नेऊन राह्यली हिले.”

दुकानात शेठ नव्हते, त्यांची बायको प्रेमाबाई गल्ल्यावर होत्या. “या गोमतीबाई. मेणबत्त्याच ना?”

“मंग काय सोनं घ्याले आली? अन् पांढऱ्या द्या. मागच्या खेपेले तुमच्या शेठनं गुलाबी देल्या. विहारात कोणाचा वाढदिवस हाय असं वाटे.”

“सांगते मी त्यांना.”

“सांगून काही होत नाई, तुमालेबी माईत हाय.”

प्रेमाबाई हसल्या आणि मेणबत्त्या जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिल्या. त्या दुकानात अजूनही रद्दीतच बांधून देतात. आणि गोमतीची तरुणपणापासूनची रीत अशी, की दुकानातून निघाल्यावर घरी जायचं नाही. बाहेरच्या ओट्यावर बसायचं, पुडा सोडायचा, आतलं सामान मला धरायला द्यायचं आणि कागद वाचून काढायचा, दोन्ही बाजूंनी. तो कागद कितीही जुना असो, अर्धाच असो. कितीदा तरी मी हळद-साखर पदरात घेऊन त्या ओट्यापाशी उभी राहिले आहे आणि बातमीचा उरलेला तुकडा कुठं गेला असेल यावर तिचं बोलणं ऐकलं आहे.

त्या दिवशीही ती ओट्यावर बसली. सुतळी सोडली, मेणबत्त्या माझ्या हातात दिल्या, कागद मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला. मान खाली घातली. नेहमी लागायचा तेवढा वेळ लावला. मग कागद उलटला आणि ती बाजूही तेवढ्याच वेळानं संपवली. मी उभी होते. रस्त्यानं मुलं शाळेतून चालली होती.

तिनं कागदाची चौपदरी घडी केली, कमरेला खोचली आणि हात पुढे केला.

“चाल. मेणबत्त्या पांढऱ्याच हायेत ना?”

“पांढऱ्याच हायेत.”

विहारात जाऊन तिनं त्या टेबलाच्या खणात ठेवल्या, खण लावला, आणि आम्ही घरी आलो.